वडील कशाने गेले?

डॉक्टरनं पेशंटला घाबरवलंच पाहिजे, या मताची मी आहे. लहानपणापासून मी तसेच डॉक्टर पाहिले. आमच्या साताऱ्याच्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांचा रिपोर्ट टेबलावर आपटून सांगितलं होतं, "हे असंच चालू द्या, म्हणजे पोरीच्या लग्नात तुमच्या फोटोला हार घालता येईल." वडील घरी आले, तंबाखूची डबी स्वतःच्या हातानं केराच्या बादलीत टाकली आणि माझ्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना आग्रह करत फिरले. याला म्हणतात समजावून सांगणं.

फ्राउ डॉक्टर फोग्ट यांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन आमच्याकडे वळवला. त्यावर शंभर गोल चेहरे होते. बरेचसे हिरवे, हसरे. थोडे लाल, तोंड वाकडं केलेले. मी इथे हायडेलबर्गमध्ये एका किंडरगार्टनमध्ये काम करते. ताटातल्या भाज्या संपवणाऱ्या पोरांच्या शर्टावर मी असेच चेहरे चिकटवते. माझ्या नवऱ्याच्या जगण्यामरण्याची गोष्ट त्याच चेहऱ्यांत मांडलेली पाहून माझं डोकंच फिरलं.

"तुमच्यासारखे शंभर पुरुष घेतले," त्या शांतपणे म्हणाल्या, "याच वयाचे, एवढंच ब्लडप्रेशर, एवढंच कोलेस्टेरॉल, तर पुढच्या दहा वर्षांत त्यांतल्या अकरा जणांना हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक येईल. बाकीच्यांना येणार नाही. तुम्ही या लालमध्ये आहात की त्या हिरव्यांत, ते मला माहीत नाही. कुणालाच आधी माहीत नसतं."

"आल्झो, म्हणजे मी हिरव्यांत असण्याची शक्यताच जास्त," भास्कर म्हणाला.

"गेनाऊ."

'अगदी बरोबर' अशा अर्थाच्या त्या 'गेनाऊ'नं माझं अर्धं रक्त आटलं. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि लालमधले तीन चेहरे पिवळे झाले. रोज एक गोळी घेतली तर या तिघांचा अटॅक टळेल, उरलेल्या आठांचा टळणार नाही, आणि गोळीनं कुणाकुणाचे स्नायू दुखतात, असं सगळं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. नंतर खुर्ची जरा मागे घेऊन विचारलं, "घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवायचं. तुम्हाला काय वाटतं?"

झालं. आपल्याकडे डॉक्टर 'घ्यायची का?' असं विचारायला लागला की माणूस समजतो, दुखणं काही फारसं नाही. खरंच गंभीर असतं तर विचारलं कशाला असतं? सरळ लिहूनच दिली असती. भास्करच्या खांद्यावरचा ताण उतरलेला मला शेजारी बसून दिसला. वीस वर्षं जर्मनीत काढलेला, जर्मन लोकांना त्यांच्याच भाषेत प्रोजेक्ट समजावणारा माणूस, पण डॉक्टरच्या खोलीत शिरला की अजून वाईचाच.

आणि चेहऱ्यांच्याही आधी एक गोष्ट घडून गेली होती. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "वडिलांना हृदयाचा त्रास?"

"वडील ठणठणीत आहेत," भास्करनं सांगितलं. "चौऱ्याऐंशीचे आहेत. सध्या आमच्याकडेच आलेत. रोज नेकार नदीच्या काठानं मैलभर चालतात."

"भाऊ, बहिणी?"

"कुणी नाही."

"वुंडरबार, फारच छान," असं म्हणून बाईंनी ते कॉम्प्युटरला सांगून टाकलं.

आता खरं काय ते सांगते. भास्कर दत्तक आहे. माझ्या सासूसासऱ्यांना, माईंना आणि नानांना, मूल नव्हतं. नानांचे धाकटे भाऊ यशवंत, त्यांना दोन मुलगे, थोरला हृषिकेश आणि धाकटा भास्कर. दोन्ही घरं वाईत, मध्ये एक गल्ली. भास्कर तीन वर्षांचा असताना होम करून यशवंतांनी त्याला आपल्या भावाच्या मांडीवर दिला. त्या दिवसापासून नाना वडील झाले, जन्म देणारा बाप काका झाला आणि सख्खा भाऊ चुलतभाऊ झाला. हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. घरात तसंच वागायचं, तसंच मानायचं, आणि मुलानं मागे वळून बघायचं नाही.

भास्कर पाचवीत असताना यशवंतकाका गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. पाणी पाजलं हृषिकेशनं, अग्नी दिला हृषिकेशनं, आणि हा पुतण्या म्हणून गर्दीत मागे उभा राहिला. तिरडी उचलली तेव्हा मात्र याच्या तोंडून 'बाबा' असा शब्द निघून गेला. शेजारी माई उभ्या होत्या, त्यांनी तो ऐकला. त्या रागावल्या नाहीत. पण पुढे कितीतरी दिवस त्यांना अन्न गेलं नाही आणि नाना रोज शाळा सुटताना फाटकाशी येऊन उभे राहायचे, पोरगं परस्पर त्या घरी तर जात नाही ना, हे बघायला. भास्करनं हे मला लग्नानंतर एकदाच सांगितलं. "तेव्हा ठरवलं, तो शब्द पुन्हा त्या माणसासाठी नाही," तो म्हणाला होता. "मला वडील एकच. नाना." मला त्या वेळी केवढा अभिमान वाटला होता त्याचा.

यंदाच्या मार्चमध्ये हृषिकेश गेला. बावन्न वर्षांचा. सकाळी दात घासता घासता बेसिनपाशी कोसळला. म्हणूनच तर मी भास्करच्या मागे लागून लागून त्याला या खोलीत आणून बसवलं होतं. बाप हृदयाच्या दुखण्यानं गेला, भाऊ त्याच दुखण्यानं गेला, आणि माझा एकोणपन्नास वर्षांचा नवरा डॉक्टरला सांगत होता की आमच्या घरात सगळे ठणठणीत.

"फ्राउ डॉक्टर, एक गोष्ट राहिली," मी तोंड उघडलं.

भास्कर हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "नीला, माझ्या वडिलांबद्दल मी सांगितलंय. तू एक शब्द जरी बोललीस ना, तर मी इथून उठेन."

तो उठला असता. उठला असता आणि पुन्हा कुठल्याही डॉक्टरच्या दारात पाय ठेवला नसता, इतकी मी त्याला ओळखते. म्हणून मी दुसरंच बोलले. "हा चढावर थांबतो," मी म्हणाले. "आधी थांबायचा नाही."

"छातीत आवळल्यासारखं होतं का?" बाईंनी लगेच विचारलं.

"छे. वरून गावाचा फोटो काढायला थांबतो," भास्कर म्हणाला. त्यांनी तिथल्या तिथे कार्डिओग्राम काढला. तो साफ आला. "दोन आठवडे विचार करा आणि या," असं म्हणून त्यांनी आम्हाला निरोप दिला.

जर्मनीत भांडायची एक सोय आहे, ट्रॅमच्या स्टॉपवर कितीही मोठ्यानं भांडा, मराठी कुणाला कळत नाही. बिस्मार्कप्लाट्झवर उभी राहून मी ओरडले, "अरे, रक्ताला काय कळतंय, होम झाला होता का नाही ते!"

"हळू बोल."

"का हळू बोलू? आपली पोरगी ऊर्जा बर्लिनला शिकतेय. तिला अजून हेसुद्धा माहीत नाही की तिचा खरा आजोबा—"

"खरा?" त्यानं मला मध्येच तोडलं. "बोल ना. खरा कोण आणि खोटा कोण? घरी जाऊन नानांसमोर बोलून दाखव. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा माझ्या घरी तीन महिने राहायला आलाय. माई गेल्यावर पहिल्यांदा घराबाहेर पडलाय. त्याला सांगू, की डॉक्टर वडिलांबद्दल विचारत होत्या म्हणून मी दुसऱ्या माणसाचं नाव सांगितलं?"

"नानांना कळणारच नाही! बंद खोलीत तू आणि डॉक्टर!"

"मला कळेल," भास्कर म्हणाला. आणि ट्रॅम आली.

आता अशा माणसाचं काय करायचं? वाईट माणूस असता तर सोपं होतं. हा चांगुलपणापायी मरायला निघाला होता, आणि चांगुलपणावर कुठल्याही डॉक्टरकडे गोळी नाही. मी विनवण्या केल्या. अबोला धरला. ऊर्जाची शपथ घातली. पथ्याचं शिजवायला लागले तर मुकाट्यानं खाल्लं, पण त्या एका गोष्टीवर दगड. रात्री तो शेजारी झोपला की मी त्याच्या पाठीवर हात ठेवून पडायची आणि मनातल्या मनात त्या शंभर चेहऱ्यांना शिव्या घालायची.

शेवटी मी एकटीच फोग्टबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. दत्तक म्हणजे काय हे जर्मनमध्ये सांगणं सोपं आहे. पण ज्यानं जन्म दिला तो गल्लीपलीकडे राहतो आणि तरी तो वडील नाही, हे सांगता सांगता माझी जीभ वळेना. बाई पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या.

"हे महत्त्वाचं आहे," त्या म्हणाल्या. "फार महत्त्वाचं आहे. शिवाय हे गणित इथल्या लोकांवरून बेतलेलं आहे. तुमच्याकडच्या माणसांचा धोका त्यात बऱ्याचदा कमीच दिसतो. पण हे त्यांनी मला सांगायला हवं. मी पुढच्या वेळी पुन्हा विचारेन."

"तो पुन्हा तेच सांगेल."

"मग मी आणखी एकदा विचारेन."

"विचारू नका हो!" मी रडायलाच लागले. "विचारताय कशाला? रागवा त्याला. घाबरवा. सांगा, की गोळी घेतली नाहीस तर मरशील!"

"ते खरं नसेल," बाई हळूच म्हणाल्या. "गोळी न घेता जगणारे पुष्कळ आहेत, घेऊन मरणारे आहेत. घाबरलेला माणूस चार दिवस ऐकतो, मग डॉक्टरकडे यायचंच बंद करतो. मी हे फार वेळा पाहिलंय." त्यांनी मला टिश्यूचा डबा दिला. मला टिश्यू नको होते. मला कुणीतरी हुकूम सोडणारं हवं होतं.

त्या रविवारी हवा छान होती म्हणून नानांनी फिलॉसॉफेनवेगवर जायची टूम काढली. नदीपलीकडच्या डोंगरातली ती वाट, वर जायला दगडी पायऱ्यांचा अरुंद, वळणावळणाचा रस्ता. नाना काठी टेकत पुढे, त्यांच्या मागे मी, आणि माझ्या मागे भास्कर. अर्ध्यात पोचेपर्यंत मागची पावलं थांबली. मी वळून पाहिलं. भास्कर खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता.

"जा तू पुढे," मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला. "आलोच."

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी खाली उतरून त्याच्याजवळ गेले. नाडीची गाठ पक्की होती. तो नुसता तिच्यावर बोटं ठेवून, मान खाली घालून श्वास घेत होता. कपाळावर घामाचे थेंब होते आणि ओठ पांढरे पडले होते.

"भास्कर, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये चल. मी पाया पडते तुझ्या."

"काय नाटक आहे, नीला? नाडी सुटली म्हणून हॉस्पिटल?" तो हसत उभा राहिला. रंग परतला होता. मी वर पाहिलं. नाना वरच्या पायरीवर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते आणि आमच्याकडे एकटक पाहत होते.

दुसऱ्या दिवशी भास्कर ऑफिसला गेला आणि मी नानांपुढे चहा ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"याच्या नाड्या फार सुटतात गं," नाना म्हणाले.

मी डोळे पदराला पुसायला गेले, तर अंगावर जीन्स.

"यशवंता वहाणेचा अंगठा नीट करायचा," नाना म्हणाले. "गणपतीच्या घाटावर. दोघं आंघोळीला जायचो. येताना पायऱ्या चढताना हा दर थोड्या वेळानं वाकायचा. मी म्हणायचो, नव्या वहाणा घे की चांगल्या. नव्या घेतल्या त्यानं. तरी वाकायचा." ते थांबले. "डॉक्टरकडे जाऊन आलात ना तुम्ही? काय म्हणाल्या?"

घरात ज्यावर बोलायचं नाही, तीच गोष्ट होती. सासरे होते, आधीच हळवे झालेले. माई गेल्यापासून या माणसाजवळ भास्करशिवाय काही उरलेलं नाही, हेही मला दिसत होतं. पण माझ्याजवळ दुसरं कोण होतं?

"नाना, डॉक्टर विचारतात, वडिलांना हृदयाचा त्रास होता का," मी म्हणाले. "आणि हा सांगतो, माझे वडील ठणठणीत आहेत. भाऊ नाहीच म्हणून सांगतो. त्या बाईंचं सगळं गणित तुमच्या तब्येतीवर चाललंय. त्या म्हणतात, छान, काळजी नको. नाना, तो तुमच्यासाठी खोटं बोलतोय. आणि त्यापायी मरेल तो. तुमच्या शब्दाबाहेर नाही, माझं ऐकत नाही. मी काय करू ते सांगा."

एवढं बोलून मी ओट्याला धरून उभी राहिले. नानांचा चेहरा इतका उतरला की मला माझीच भीती वाटली. त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला, परत ठेवला.

"मी त्याला मागून आणलं," ते म्हणाले. "यशवंताची बायको आत रडत होती, मला ऐकू येत होतं. तरी मी मांडी घालून बसलो आणि पोरगं घेतलं. घट्ट धरून ठेवलं गं. इतकं घट्ट, की..." ते उठून आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी भास्करनं विचारलं, "नाना, बरं नाही का?" तर म्हणाले, "जरा अपचन झालंय."

दोन दिवसांनी फोग्टबाईंकडचं टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, होती. आम्ही निघालो तर नाना दारात कोट घालून, डोक्यावर काळी टोपी घालून उभे. "मीही येतो," ते म्हणाले. "इथले दवाखाने कसे असतात ते बघायचंय."

भास्करला बरंच वाटलं. बाईंचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, जुनी इमारत, लिफ्ट नाही. नाना सावकाश चढले आणि दर मजल्यावर थांबून भास्करकडे पाहत राहिले. त्यानं दुसऱ्या मजल्यावर मोबाइल काढून मेसेज बघितल्यासारखं केलं. मोबाइलचा स्क्रीन काळाच होता.

फोग्टबाई नानांना पाहून मनापासून खूश झाल्या. "म्हणजे हेच ते वडील," त्यांच्याशी हात मिळवत त्या इंग्रजीत म्हणाल्या. "एवढं चांगलं हृदय असलेले! मुलाला वारसा चांगला मिळालाय." एका क्षणात त्यांच्या लक्षात आलं असावं आणि त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. पण शब्द बाहेर पडला होता.

नाना खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस, जुन्या वळणाचं, सावकाश इंग्रजी बोलतो.

"मॅडम, मी याचा बाप नाही," ते म्हणाले. "मी याच्या बापाचा भाऊ आहे."

"नाना!" भास्कर उठून उभा राहिला.

"खाली बस," नाना मराठीत म्हणाले, आणि परत बाईंकडे वळले. "याचा बाप माझा धाकटा भाऊ. बेचाळिसाव्या वर्षी गेला. हृदयानं. पायऱ्या चढताना थांबायचा, आणि आम्हाला दिसू नये म्हणून वहाण नीट करायचा. मी रोज त्याच्या बरोबर असायचो. मला कळलं नाही. याचा सख्खा भाऊ मार्चमध्ये गेला. तोही हृदयानं. हा तुम्हाला खोटं बोलला, कारण मी म्हातारा मनाला लावून घेईन म्हणून. तुम्ही तुमचं गणित परत करा. त्यात मला धरू नका."

भास्करनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मी नवऱ्याकडे बघू की सासऱ्यांकडे, मला समजेना. मीच घडवून आणलं होतं हे सगळं, आणि आता ते बघवत नव्हतं.

बाईंनी कॉम्प्युटरवर बदल केला आणि स्क्रीन वळवला. लाल चेहरे वाढले होते. वरची सगळी ओळ लाल, दुसरी ओळही बरीचशी. "सतरा," त्या म्हणाल्या. "आणि खरं म्हणजे त्याहून जास्तच समजा." मग त्यांनी नेहमीच्या आवाजात, ठरलेलं असल्यासारखं विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? गोळी सुरू करायची का?"

भास्करनं चेहऱ्यांकडे पाहिलंच नाही. तो नानांकडे पाहत होता.

"नाना म्हणतील तसं," तो जर्मनमध्ये म्हणाला.

"नाही, हा निर्णय तुमचा आहे."

"आमच्यात वडिलांना विचारतात," भास्कर म्हणाला.

नानांना जर्मन येत नाही. मी त्यांना ते मराठीत सांगितलं. नाना एक पाऊल पुढे आले आणि त्यांनी भास्करच्या डोक्यावर, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा हात ठेवला. "गोळी घ्यायची," ते म्हणाले. "आणि बाईंना खरं सांगायचं. काय होतं पायऱ्यांवर?"

भास्करनं मान वर केली.

"छातीत दुखतं, नाना," भास्कर म्हणाला. "डावा हात जड होतो. आधी चढावरच व्हायचं. या आठवड्यात नुसतं बसलो असतानाही झालं. आज सकाळी झालं. आत्ताही होतंय."

मी ते जर्मनमध्ये सांगत होते. 'आत्ताही' या शब्दापर्यंत पोचले आणि फोग्टबाईंचा चेहराच बदलला. त्यांनी हात लांब करून स्क्रीन बंद केला. सगळे शंभर चेहरे एकदम गेले.

"हे चित्र निरोगी माणसांसाठी असतं," त्या म्हणाल्या. "आता ते तुमच्या कामाचं नाही. तिथे झोपा. शर्ट काढा. आता मी तुम्हाला विचारत नाहीये."

त्यांनी दार उघडून असिस्टंटला हाक मारली, एका हातानं फोन उचलला, दुसऱ्या हातानं भास्करला चावायला एक गोळी दिली. कार्डिओग्रामचा कागद बाहेर यायला लागला, तो त्यांनी वाचला आणि फोनवर दवाखान्याचा पत्ता दोनदा सांगितला. जिने किती, लिफ्ट नाही, लवकर. इतके दिवस मला हुकूम सोडणारा डॉक्टर हवा होता. आता तो मिळाला होता. मला पुन्हा ती बाई हवी होती, जी खुर्ची मागे सरकवून 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारत होती.

अँब्युलन्सवाले आले. त्यांनी भास्करला एका उंच पाठीच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधून तीन मजले खाली उतरवलं. मी त्याच्या पुढे, मागे, कुठे जागा मिळेल तिथून चालत होते, "काही होत नाही रे, काही होत नाही," असं म्हणत होते, आणि त्याला ते खरं वाटत नव्हतं, मलाही नाही. खाली रस्त्यावर त्याला स्ट्रेचरवर घेतलं. एका तरुण मुलीनं त्याच्या छातीला तारा लावल्या आणि मान वर करून विचारलं, "बरोबर एकालाच येता येईल. पुढे ड्रायव्हरशेजारी. बायको कोण?"

मी पुढे झाले. एक पाय पायरीवर ठेवलासुद्धा.

"नीला," आतून भास्करचा आवाज आला. ऑक्सिजनच्या मास्कमुळे तो नीट ऐकू येत नव्हता. त्यानं मास्क हातानं बाजूला केला. "नानांना येऊ दे."

"पण हे गृहस्थ कोण आहेत?" त्या मुलीनं विचारलं.

"बाबा," भास्कर म्हणाला. मग तिला ते समजलं नाही म्हणून जर्मनमध्ये म्हणाला, "माइन फाटर."

सगळ्या आयुष्यात त्यानं नानांना नानाच म्हटलं होतं. नाना फुटपाथवर टोपी हातात धरून उभे होते. मी पायरीवरून खाली उतरले, त्यांचा दंड धरला आणि त्यांना वर चढवलं. पट्टा कसा लावायचा ते त्यांना कळेना, तो मी लावून दिला. त्यांचे हात बर्फासारखे गार होते. "पोरी, तू?" ते म्हणाले. मी म्हटलं, "मी ट्रॅमनं येते, नाना. तुम्ही त्याच्याशी बोलत राहा, मागे ऐकू जाईल असं. गप्प बसू नका."

दार लागलं. सायरन सुरू झाला आणि गाडी नदीच्या दिशेनं वळली. खिडकीतून नानांची मान मागे वळलेली दिसत होती, ते काहीतरी मोठ्यानं बोलत होते.